टेंपरेचर लॉगरचा डेटा एक्स्पोर्ट केला की ग्राफची गोधडी होते, कुठलं सेटिंग चुकतंय?

रात्रपाळी (सोमवार, २३:५१)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे नऊ प्रोब (तापमान मोजणारे सेन्सर) आहेत, पाच फ्रिजमध्ये (२ ते ८ वाले), तीन फ्रीजरमध्ये (उणे २०) आणि एक नुसता खोलीत लटकवलाय. सगळे दर १० सेकंदाला रीडिंग देतात आणि लॉगिंग सॉफ्टवेअर ती साठवतं. मागच्या महिन्याच्या आधी जुना कंप्युटर गेला, नवीन आला, सॉफ्टवेअर परत टाकलं, प्रोबची नावं परत भरली, स्क्रीनवर आकडे एकदम व्यवस्थित. पण जुलैचा डेटा सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) करून शीटमध्ये ग्राफ काढला तर नुसती गोधडी. जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचे पॉइंट जानेवारी ते डिसेंबर असे पसरलेत (डिसेंबर अजून यायचाय!!) आणि त्यापुढचे दिवस ग्राफवर नाहीतच. कॉलमच्या नावात डिग्रीच्या खुणेआधी टोपी घातलेला इंग्रजी ए येतोय. मधेच एखादं रीडिंग ८५ डिग्री. आणि रात्रीचा ऑटो एक्स्पोर्ट तीन रात्री झालाच नाही.

पुढच्या सोमवारी ऑडिट आहे. साहेब म्हणतात प्रोब बदलून टाका. मी म्हणतेय थांबा जरा. मी फाइल उघडून काही तारखा हाताने नीट करून सेव्ह केल्या तर आणखी बिघडलं. काय करू?

आळसोबा (मंगळवार, ००:२०)

पीडीएफ काढा आणि द्या ऑडिटरला, ग्राफ आयताच येतो त्यात. सीएसव्हीच्या नादी कोण लागतंय.

खटपट्या (मंगळवार, ०७:०५)

प्रोब अजिबात बदलू नका. स्क्रीनवर बरोबर आणि फाइलमध्ये चूक, म्हणजे प्रोबने त्याचं काम केलंय, भानगड पुढची आहे. मला फक्त एक सांगा, ते विखुरलेले पॉइंट प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेलाच पडलेत का?

रात्रपाळी (मंगळवार, ०७:४०)

अहो हो!! ७ जानेवारी, ७ फेब्रुवारी, ७ मार्च... तुम्हाला कसं कळलं? भुताटकी वाटतेय.

खटपट्या (मंगळवार, ०८:१५)

भुताटकी नाही हो, जुलै सातवा महिना म्हणून. तुमचं सॉफ्टवेअर तारीख आधी दिवस मग महिना अशी लिहितंय आणि नवीन कंप्युटरची रीजन सेटिंग आधी महिना मग दिवस अशी वाचतेय. ३ जुलै म्हणजे ०३/०७, तो ते ७ मार्च समजतो. १ ते १२ पर्यंत त्याला काही संशयच येत नाही कारण महिने बाराच आहेत. १३/०७ आली की तेरावा महिना कुठून आणणार, मग तो ती तारीख न समजता नुसता मजकूर म्हणून सोडून देतो. सेलमध्ये बघा, पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या असतील आणि १३ पासूनच्या डावीकडे. फक्त ७ जुलै तेवढी जागेवर असेल, उलटी केली तरी तीच.

यावर रीजन सेटिंग बदलणं हा उपाय नाही, उद्या ती फाइल दुसऱ्या कुणाच्या मशीनवर उघडली की परत तेच. एक्स्पोर्टमध्ये तारखेचा फॉरमॅट म्हणून काहीतरी असेल, तिथे आयएसओ ८६०१ निवडा, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा. २०२४-०७-०३ असं लिहिलं की कुणीही मार्च वाचू शकत नाही. हे स्टँडर्ड १९८८ पासून आहे तरी अजून निम्मी सॉफ्टवेअरं ‘सिस्टिमप्रमाणे’ हे डिफॉल्ट ठेवतात, का ते त्यांनाच ठाऊक.

रात्रपाळी (मंगळवार, ०९:३०)

डावी-उजवीकडचं अगदी तसंच आहे! फॉरमॅट बदलून जुलै परत एक्स्पोर्ट केला, ग्राफ सरळ आला, मी खुर्चीतून उठून नाचले. पण एक विचित्र दिसतंय, मी कालची जी फाइल सेव्ह केली होती तिच्यात पहिल्या बारा दिवसांत सेकंदच नाहीत, ००:०१ अशी एकच वेळ सहा सहा वेळा. १३ तारखेपासून सेकंद आहेत. नवीन फाइलमध्ये सगळीकडे आहेत.

जुनाजाणता (मंगळवार, ११:५८)

ताई, हे कळीचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सीएसव्ही ही नुसती टेक्स्ट फाइल. शीटमध्ये उघडली की शीट तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावतं, आणि परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मूळ मजकूर जात नाही, स्क्रीनवर जे *दिसत* होतं ते जातं. तारीख-वेळेचा नेहमीचा डिस्प्ले तास-मिनिटांपर्यंतच असतो, म्हणून ज्या ओळी तारीख म्हणून ओळखल्या गेल्या त्यांचे सेकंद गळाले, आणि १३ पासूनच्या ओळी मजकूर म्हणून राहिल्या त्यामुळे वाचल्या. म्हणजे ज्या ओळी शीटला कळल्या नाहीत त्याच सुखरूप राहिल्या, ज्या कळल्या त्यांचं वाटोळं. तेच दशांशाचं, दोनच घरं दिसत असतील तर दोनच सेव्ह होणार. सेन्सरचा सीरियल नंबर शून्यापासून सुरू होत असेल तर पुढची शून्यं उडणार, आणि नंबरात मधेच ई असेल, समजा १२ई५, तर त्याचे बारा लाख होणार.

ही खोड इतकी जुनी की जीवशास्त्रवाल्यांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावंच बदलली. मार्च१, सेप्ट१ अशी नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. पुढे २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सोय आली.

त्यामुळे एक पथ्य पाळा, सॉफ्टवेअरने काढलेली फाइल डबल क्लिक करून उघडायचीच नाही. कोरं शीट उघडा, डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल इंपोर्ट करा, तिथे डिलिमिटर (कॉलम वेगळे करणारं चिन्ह), एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत), कुठला कॉलम तारीख कुठला टेक्स्ट हे तुम्ही सांगता. आणि मूळ फाइलींचा फोल्डर रीड-ओन्ली करून टाका. खेळायचं ते कॉपीवर खेळा.

पारा_चढला (मंगळवार, १२:३०)

जुनाजाणता +१. टोपीवाल्या ए चं उत्तर राहिलंच की. डिग्रीचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटचं असतं, वाचणाऱ्याने जुन्या विंडोज एन्कोडिंगने एकेक बाइट सुटा वाचला की पहिल्या बाइटचा टोपीवाला ए दिसतो आणि दुसऱ्याचं डिग्रीचिन्ह. एक्स्पोर्टमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ असेल तर ते घ्या, बॉम म्हणजे फाइलच्या तोंडाशी तीन बाइटची खूण, ती बघून शीटला कळतं. पण तीच फाइल एखाद्या स्क्रिप्टला देणार असाल तर कधीकधी ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते आणि स्क्रिप्ट म्हणते ‘असा कॉलमच नाही’, मी यात अर्धा दिवस घालवलाय. मी तर आता कॉलमच्या नावात चिन्हच टाकत नाही, साधं ‘फ्रिज२_सेल्सिअस’. ना रहे बांस.

सेमीकोलन (मंगळवार, १२:४४)

माझं नाव निघालं नाही अजून म्हणून बोलतो :) दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरणारे देश बरेच आहेत, तिथल्या मशीनवर ४,५ म्हणजे साडेचार. आणि डिलिमिटरही स्वल्पविराम ठेवला तर एका रीडिंगचे दोन कॉलम होतात, ४ वेगळा ५ वेगळा, आणि सगळे पुढचे कॉलम एकेक घर सरकतात. तुमची फाइल बाहेर कुठे जात असेल तर दशांश टिंब आणि डिलिमिटर सेमीकोलन किंवा टॅब असं पक्कं ठरवून टाका, ‘सिस्टिमप्रमाणे’ ला हातच लावू नका.

रात्रपाळी (मंगळवार, २३:१५)

सगळं करतेय, वहीत लिहून ठेवतेय. आता ८५ चं काय? फ्रिजमध्ये ८५ डिग्री, ते पण फक्त १० सेकंद. साहेबांना तेच खुपतंय.

पारा_चढला (मंगळवार, २३:३२)

प्रोब तीन वायरचे, छोट्या स्टीलच्या टोपणातले, डीएस१८बी२० लिहिलेले आहेत का?

रात्रपाळी (मंगळवार, २३:४०)

हो हो तेच.

पारा_चढला (बुधवार, ००:०५)

मग ते तापमानच नाही. त्या चिपला वीज मिळाली की तिच्या मेमरीत सुरुवातीला ८५ हाच आकडा असतो, मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तोच मिळतो. पूर्ण १२ बिटांचं मोजमाप करायला तिला ७५० मिलिसेकंदपर्यंत लागतात. म्हणजे प्रोबची वीज क्षणभर जातेय, कनेक्टर सैल असेल, वायर दाराच्या फटीत दाबली जात असेल. ज्या प्रोबला ८५ येतं त्याचीच वायर बघा. तसंच कधी उणे १२७ दिसलं तर तेही तापमान नाही, चिप सापडली नाही म्हणून ती वाचणाऱ्या प्रोग्रामने दिलेला कोड आहे, ती चिप उणे ५५ च्या खाली मोजतच नाही.

आता एक्स्पोर्टमध्ये बघा, ‘चुकीचं किंवा नसलेलं रीडिंग’ असं काहीतरी सेटिंग असेल. काय निवडलंय?

रात्रपाळी (बुधवार, ००:१८)

आहे. तीन पर्याय आहेत, रिकामं सोडा, शून्य टाका, शेवटचं रीडिंग धरा. तिसरं निवडलेलं आहे, मी नाही केलं, आधीपासूनच तसं होतं.

जुनाजाणता (बुधवार, ०६:५०)

अरे देवा. ताई, आत्ताच्या आत्ता ‘रिकामं सोडा’ करा.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. एका ठिकाणी फ्रीजरचा ग्राफ पावणेतीन दिवस उणे २०.४ वर सरळ रेष होता, सगळे खूश, काय मशीन आहे म्हणून. वायर तुटलेली होती. ‘शेवटचं रीडिंग धरा’ मुळे सॉफ्टवेअर इमानेइतबारे तोच आकडा गिरवत बसलेलं. खरा फ्रीजर कधीच सरळ रेष देत नाही, कंप्रेसर चालू-बंद होतो, डीफ्रॉस्ट होतो, करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ यायला हवा. रेष सरळ दिसली की आधी घाबरायचं.

शून्य टाकणंही तितकंच वाईट, फ्रिजमध्ये शून्य हे खरंखुरं शक्य असलेलं तापमान आहे, मग गोठलं होतं की वायर निघाली होती हे सहा महिन्यांनी कोण सांगणार. रिकामा सेल मात्र उघड उघड सांगतो की इथे माहिती नाही. शक्य असेल तर शेजारी स्टेटसचा कॉलम पण एक्स्पोर्ट करा, त्यात ठीक, तुटलं, अलार्म असं येतं. आणि ८५ च्या ओळी मूळ फाइलमधून खोडू नका हं, मूळ फाइलमध्ये राहू दे, रिपोर्टच्या कॉपीत त्या बाजूला काढा आणि का काढल्या ते लिहा.

आळसोबा (बुधवार, ०९:१०)

एवढ्या रीडिंगचं करायचं काय पण? दर अर्ध्या तासाची सरासरी एक्स्पोर्ट करा, फाइल पण छोटी, ८५ पण त्यात विरघळून जाईल.

खटपट्या (बुधवार, ०९:४५)

विरघळतं हाच तर प्रॉब्लेम आहे राव. अर्ध्या तासात २७ मिनिटं फ्रिज ५ वर आणि ३ मिनिटं दार उघडं राहून ११ वर, सरासरी काढा, ५.६ येते. २ ते ८ च्या आत, कुणाला पत्ताच नाही. आणि ८५ विरघळत पण नाही, १० सेकंदाच्या १८० रीडिंगमध्ये एक ८५ आलं तर सरासरी साधारण ०.४ ने वर ढकलतं, म्हणजे आता चूक आहे पण दिसत नाही.

फाइल छोटी हवीच असेल तर सरासरीसोबत त्या अर्ध्या तासाचं किमान आणि कमाल असे तिन्ही कॉलम घ्या. कमालमध्ये ११ दिसेल. मात्र औषधवाले एमकेटी काढतात, म्हणजे मीन कायनेटिक टेंपरेचर, ते सरासरी केलेल्या डेटावरून काढू नका. ते वरच्या तापमानांना जास्त वजन देतं, तुम्ही शिखरंच आधी सपाट केलीत तर खरं असेल त्यापेक्षा कमी येणार.

थंडोबा (बुधवार, १०:३०)

रीडिंगच्या संख्येवरून, ताई तुमचा एक्स्पोर्ट आडवा आहे की उभा? म्हणजे प्रत्येक प्रोबला वेगळा कॉलम, की प्रत्येक रीडिंगला वेगळी ओळ? उभा असेल तर हिशोब करा, १० सेकंदाला एक म्हणजे दिवसाला ८,६४०, नऊ प्रोब म्हणजे ७७,७६०. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, साडेतेरा दिवसांतच शीट भरलं. उरलेलं तो दाखवत नाही, एक सूचना येते आणि आपण ओके दाबून मोकळे होतो. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये तर ६५,५३६ च, तुमचा एक दिवसही मावणार नाही.

अवांतर: २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस आकडेवारीत यायच्या राहून गेल्या होत्या, कारण तोच, जुना एक्सएलएस आणि ओळी संपल्या.

रात्रपाळी (बुधवार, १५:०२)

आडवा आहे, नऊ कॉलम. हुश्श. ओके मी पण दाबते नेहमी :(

वायर सापडली! फ्रिज ४, दाराच्या रबराखाली चपटी झाली होती, दुसरीकडून नेली.

राहिलं रात्रीचं एक्स्पोर्ट. मी शोधलं, ज्या तीन रात्री फाइल नाही त्या माझ्या सुट्टीच्या रात्री आहेत. मी नसले की कंप्युटर लॉगआउट असतो. टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) ‘यूजर लॉगइन असेल तरच चालवा’ असं होतं, ते बदलून ‘असो वा नसो’ केलं, पासवर्ड दिला. आता लॉगइन असताना पण फाइल येत नाही!! म्हणतो पाथ सापडला नाही. फाइल झेड ड्राइव्हवर जाते, तो सर्व्हरवरचा फोल्डर आहे.

थंडोबा (बुधवार, १५:२०)

झेड हे टोपणनाव फक्त तुमच्या लॉगइनपुरतं असतं. टास्क पडद्यामागे वेगळ्या सेशनमध्ये चालतो, त्याला झेड म्हणजे काय ते माहीतच नाही. एक्स्पोर्टच्या पाथमध्ये झेड काढून दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, मग फोल्डर असा पूर्ण पत्ता टाका. आणि तो टास्क ज्या अकाउंटने चालतो त्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे ना ते बघा.

आणखी एक, फाइलच्या नावात वेळ घालत असाल तर विसर्गासारखी ती दोन टिंबं नको, विंडोजला नावात चालत नाहीत. २०२४-०७-३१_२३५९ असं ठेवा, नावाने सॉर्ट केलं तरी तारखेप्रमाणेच लागतात. रोज नवी फाइल करा, एकाच फाइलला जोडत बसू नका, कुणी ती शीटमध्ये उघडून जेवायला गेलं की फाइल लॉक, तेवढ्या वेळचं लिहिणं बोंबललं.

परदेशी_पाखरू (बुधवार, १८:५५)

उशिरा आलो. आमच्याकडे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात, शरदात एक तास दोनदा येतो, वसंतात एक तास येतच नाही. स्थानिक वेळेत एक्स्पोर्ट केलं तर त्या रात्री दीड वाजता फ्रीजर एकाच वेळी उणे २० आणि उणे १७ असतो. मी यूटीसी (जगभर एकच धरलेली वेळ) आणि स्थानिक असे दोन्ही कॉलम घेतो, हिशोब यूटीसीवर, साहेबांना दाखवायला स्थानिक. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल तरी वेळेपुढे झोनचा फरक लिहिलेला असलेला बरा, नवीन कंप्युटरचा झोन चुकीचा असला तर लगेच दिसतं.

जुनाजाणता (बुधवार, २१:१०)

आणि पीडीएफचं म्हणाल तर आळसोबा अगदीच चूक नाहीत. पीडीएफ सहीसाठी, सीएसव्ही हिशोबासाठी, आणि सॉफ्टवेअरची स्वतःची मूळ डेटाबेस फाइल पुराव्यासाठी, तिन्ही ठेवा. अमेरिकेचा २१ सीएफआर पार्ट ११ नावाचा नियम १९९७ पासून आहे, तो लागू असलेल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक नोंद कुणी कधी बदलली त्याचा माग ठेवावा लागतो. सीएसव्हीत असा माग नसतो, नोटपॅडमध्ये कुणीही ९ चा ६ करू शकतं. ताई, तुम्ही हाताने तारखा दुरुस्त केलेली ती फाइल डिलीट करू नका, नावापुढे ‘वापरू नये’ जोडा आणि का ते एका कागदावर लिहून ठेवा. ऑडिटरला चूक चालते, गायब झालेली फाइल चालत नाही.

रात्रपाळी (सोमवार, १९:२५)

झालं ऑडिट! सलग चार रात्री फाइल आपोआप आली, शनिवारी मी घरी असताना पण. ऑडिटरने पहिलाच प्रश्न विचारला, फ्रिज ४ ला मधे मधे रिकामे सेल का आहेत. मी वायरचा फोटो आणि कागद दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, त्याआधीच्या महिन्यांत एकही रिकामा सेल नाही, ते कसं काय. साहेब माझ्याकडे बघायला लागले. ‘शेवटचं रीडिंग धरा’ कधीपासून होतं ते आता शोधायचंय, जुन्या कंप्युटरची डिस्क कपाटात आहे.

खटपट्या (सोमवार, १९:४०)

अभिनंदन! डिस्क जोडलीत की सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली कॉन्फिग फाइल (सेटिंग साठवणारी) आणि तिची मॉडिफाइडची तारीख बघा, त्या तारखेनंतर सेटिंग बदललेलं नाही एवढं तरी कळेल. डिस्क जोडताना रीड-ओन्ली जोडा, नाहीतर तारीखच बदलू शकते.

पारा_चढला (सोमवार, २०:०२)

आणि मूळ डेटाबेस तिच्यात असेल तर तिथूनच जुने महिने ‘रिकामं सोडा’ लावून परत एक्स्पोर्ट करून बघा. धरून ठेवणं फक्त एक्स्पोर्टच्या वेळी होत असेल तर खरी भोकं आत अजून तशीच असतील.

आळसोबा (सोमवार, २०:३०)

वाखु (वाचनखूण) साठवली. माझा ग्राफ पण दोन दिवस एकदम सरळ आहे, बघून येतो.